निवेपर्यंत

३ फेब्रुवारी

प्रिय बाळ,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. रागावलेलो नाही. उचलला असतास तरी मी ‘जेवलीस का’ एवढं विचारून ठेवून दिला असता, हे तुलाही माहीत आहे.

इकडे सगळं ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. झोप लागते. घर आवरून घेतलं आहे. आईचे कपडे तू कपाटात लावून गेलीस तसेच आहेत. शेजारच्या काकू येता-जाता चौकशी करतात, काही लागलं तर सांगा म्हणतात. मला काही लागत नाही.

तू निघताना जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. ‘बाबा, यायचं तर राहायला या. पिशवी मांडीवर ठेवून चहा प्यायचा आणि परत निघायचं असेल, तर येऊच नका. मला पाहुणा नकोय.’ जावईबापू मध्ये पडले, ‘अगं, आत्ता काय हे.’ त्यावर तू म्हणालीस, ‘आत्ताच. एरवी ते कुठे सापडतात?’ तुझ्या बोलण्यात चूक काही नव्हती. मी आजवर तुझ्या घरी एक रात्रही राहिलेलो नाही.

पण या महिन्यात जमेल असं दिसत नाही. आईच्या आजारपणात कामं मागे पडली, ती तुंबली आहेत. कारखान्याखालच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर माझ्यावर अवलंबून आहेत. कवळ्या ही काही दुकानातून तयार आणायची वस्तू नाही, आणि बिनदातांच्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणता येत नाही. एका बाईंची वरची कवळी फार तातडीची होती, ती काल दिली. चांगली झाली.

हाताखालचं संपलं की येण्याचं बघतो. नातीला सांग, दातवाले आजोबा आठवण काढतात.

तुझे बाबा


११ फेब्रुवारी

प्रिय बाळ,

काल जावईबापूंचा फोन आला होता. पत्र पोचल्याचं कळलं. ते म्हणाले, ‘बाबा, तिने उभ्याउभ्याच वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. काही बोलली नाही.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘बोलली, पण सांगू का?’ मी सांगा म्हटलं. ‘म्हणाली, सगळं ठीक असल्याचं पत्र ते आई दवाखान्यात असतानासुद्धा लिहीत होते.’

तुझं खरं आहे. पण माणसाने दुसरं लिहायचं काय?

काम चालू आहे. मागच्या पत्रात ज्या बाईंचं लिहिलं होतं त्या परत आल्या. बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करायला होत्या, हल्लीच निवृत्त झाल्या. आमच्याकडे सगळे त्यांना घोषणावाल्या बाईच म्हणतात. कवळी टोचते, बोलताना खाली येते, ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते, अशी त्यांची तक्रार. डॉक्टर वर आले आणि मला विचारलं, ‘काम नीट आहे ना?’ मी सांगितलं, काम नीट आहे, हिरड्या सुजल्या असतील, नव्या कवळीची सवय व्हायला दिवस जावे लागतात. ‘तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार,’ असं म्हणून ते खाली गेले. बाईंना त्यांनी तेच सांगितलं.

लोकांना सगळं लगेच हवं असतं.

या महिन्यात येणं कठीणच दिसतं.

तुझे बाबा


२० फेब्रुवारी

प्रिय बाळ,

तुझा निरोप जावईबापूंनी जसाच्या तसा वाचून दाखवला. ‘कसं चाललंय ते नको. येणार की नाही तेवढं लिहा.’

त्याचं उत्तर देण्याआधी मला काही गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत. तोंडाने मला जमलं नसतं. कागदावरही जमेल की नाही, बघतो.

काम तुंबलेलं नाही. काम कमी आहे. मी सावरावं म्हणून डॉक्टरांनीच बरीचशी कामं दुसरीकडे पाठवली आहेत. ‘महिनाभर विश्रांती घ्या, मुलीकडे जाऊन या,’ असं ते मला दोनदा म्हणाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घर आवरलेलं नाही. घरी मी आंघोळीपुरता जातो. झोपतो कारखान्यातच, टेबलाशेजारी सतरंजी टाकून. झोप म्हणजे पाठ टेकतो एवढंच.

आणि घोषणावाल्या बाईंच्या हिरड्यांना काहीही झालेलं नव्हतं.

तू लहानपणी पुष्कळदा पाहिलं आहेस, तरी लिहितो. पितळेच्या साच्यात गुलाबी मसाला दाबून भरायचा, साचा आवळायचा आणि तासन् तास गरम पाण्यात शिजवायचा. मग बाहेर काढून टेबलावर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. आपला आपण पार थंड होऊ द्यायचा. घाई करून गार पाण्यात बुडवला किंवा गरम असताना उघडला, तर आतली कवळी वाकते. डोळ्यांना कळतही नाही. चकचकीत दिसते, दात सरळ दिसतात, पण तोंडात बसत नाही. हे या धंद्यातलं पहिल्या दिवशीचं शिक्षण आहे. मला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, आपली कमाई निवेपर्यंतच्या दमाची.

त्या दिवशी मी बाईंचा साचा पाण्यातून काढला आणि टेबलावर ठेवला. दुसरं काम नव्हतं. बाकीचे दोन साचे रिकामे पडले होते. निवेपर्यंत नुसतं बसायचं होतं. समोर भिंतीशी आईचं स्टूल होतं.

तुला आठवत असेल, आधी माझ्याकडे एकच साचा होता. तो निवत ठेवला की आई दोन कप घेऊन वर यायची, त्या स्टुलावर बसायची आणि म्हणायची, ‘तुमचं ते निवतंय तोवर तरी माझ्याशी बोला.’ आमचं काय बोलणं व्हायचं ते धड आठवत नाही. तुझ्या शाळेचं, वाण्याचं, कुणाच्या तरी सुनेचं. पुढे मी दुसरा साचा घेतला, मग तिसरा. म्हणजे एक निवतोय तोवर दुसरा भरता यायचा. ती तरीही दोन कप घेऊन यायची. स्वतःचा प्यायची, बसायची, आणि जाताना माझा निवलेलाही पिऊन टाकायची. एकदा एवढंच म्हणाली, ‘आता तुमच्याकडे सगळंच निवतं, तुम्ही सोडून.’ मी हसलो. मला ती गंमत वाटली होती.

तर त्या दिवशी मला त्या स्टुलाकडे बघत बसवेना. उचलून बाहेर जिन्याजवळच्या बोळात नेऊन ठेवलं. परत येऊन बसलो. तरी बसवेना. उठलो, साचा उचलला आणि नळाखाली धरला. चर्र झालं, वाफ तोंडावर आली. इतक्या वर्षांत असलं काही केलं नव्हतं. करताना मला नीट माहीत होतं मी काय करतोय.

कवळी काढून बाईंच्या हिरडीच्या प्लास्टरच्या ठशावर ठेवली. मागच्या कडेला नख जाईल एवढी फट होती. ती मी पाहिली. मग कवळी घासली, चकाकी आणली आणि खाली दिली. नंतर डॉक्टर विचारायला आले तेव्हाही ती फट माझ्या डोळ्यांसमोर होती.

परवा मी दवाखान्यात प्लास्टरची पिशवी आणायला खाली गेलो. घोषणावाल्या बाई बाकावर बसल्या होत्या, कवळी रुमालात गुंडाळलेली. शेजारच्या बाईंशी बोलत होत्या, बोळक्या तोंडाने, हळू. त्यांचा भाऊ दुसऱ्या गावी असतो, त्याची नजर गेली आहे. रोज सकाळी त्या त्याला फोनवर वर्तमानपत्र वाचून दाखवतात. जुनी कवळी मोडली, नवी आल्यापासून वाचणं बंद. कवळी घातली तर टोचते आणि शिट्टी वाजते, काढली तर त्याला शब्द कळत नाहीत. ‘कालपासून फोनच घेत नाही. त्याला वाटतंय मी कंटाळले. म्हणतो, ताई, स्पष्ट सांग ना, दातांच्या सबबी कशाला.’

मी पिशवी उचलली आणि वर आलो. त्यांच्याशी बोललो नाही. बोलायला हवं होतं. वर येऊन एक अर्धवट राहिलेली कवळी घासत बसलो, जिची कुणालाच गरज नव्हती.

आता तुझ्याबद्दलचं. आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी कामावर आलो, त्यावरून तू रागावलीस. त्या दिवशी मी चष्मा विसरलो होतो म्हणून परत घरी आलो होतो, हे तुला माहीत नाही. जिन्यात असताना आईच्या मामांचा आवाज ऐकू आला. ‘बाबा कुठे गेले?’ तू म्हणालीस, ‘कामावर.’ ते म्हणाले, ‘आज?’ त्यानंतर तू काही बोलली नाहीस. मला वर येऊन तुझ्याशेजारी बसता आलं असतं. मी पायांचा आवाज न करता खाली उतरलो. दिवसभर चष्म्याशिवाय काम केलं.

येणार की नाही, ते उद्या-परवा लिहितो. आधी मला खाली जायचं आहे.

बाबा


२४ फेब्रुवारी

प्रिय बाळ,

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाले, ‘मी त्या बाईंना म्हटलं होतं, तुम्ही सहन करायला शिका.’ एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाईंना त्यांनी बोलावून घेतलं. मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, की हिरड्या ठीक आहेत, घाईत मी काम बिघडवलं, नवी करून देतो, आणि मला माफ करा. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या उशिराबद्दल माफी मागितली,’ त्या म्हणाल्या. ‘अमुक गाडी उशिराने सुटेल, दिलगीर आहोत. घाईबद्दल माफी मागणारा माणूस पहिल्यांदाच बघते आहे.’ मला वाटलं सुटलो. पण पुढे म्हणाल्या, ‘आता किती वेळ लागणार?’

मी म्हटलं, भरायला आणि शिजायला सकाळ जाईल, निवायला अख्खी दुपार.

‘शिजायचं तुम्ही बघा. निवायला ठेवाल तेव्हा मला बोलवा. मी येऊन बसते. तुमचा भरवसा नाही.’

डॉक्टर म्हणाले, ‘अहो, वर जिने आहेत.’

‘मला दात नाहीत. पाय आहेत.’

काल दुपारी साचा पाण्यातून काढला आणि त्यांना निरोप दिला. आल्या. बसायला जागा कुठे आहे? मला बोळातलं स्टूल आणावं लागलं. धूळ झटकली. त्यांनी ते बघून विचारलं, ‘कुणाचं?’

‘घरच्यांचं.’

‘इथे बसायच्या?’

‘हो.’

‘आणि तुम्ही काय करायचात?’

मी आणखी एकदा धूळ झटकली. ‘म्हणजे काम,’ त्याच म्हणाल्या आणि बसल्या. टेबलावर वर्तमानपत्र उघडलं.

मी समोर बसलो. हातांचं काय करायचं ते कळेना. खिशात घातले, बाहेर काढले. मेण कोरायची सुरी उचलली. त्यांनी वर न बघता म्हटलं, ‘खाली ठेवा.’ ठेवली. थोड्या वेळाने साच्याला बोट लावायला गेलो. ‘अं हं.’ तुझ्या शाळेत मी एकदा पालकांच्या बैठकीला आलो होतो, त्यानंतर इतकं अवघडलेलं मला आठवत नाही.

मग त्यांनी तुझ्याविषयी विचारलं, मुलंबाळं किती वगैरे. एक मुलगी आहे, लांब असते म्हटलं. ‘जाता का?’ जातो की. ‘राहता?’ नाही. त्यांनी पान उलटलं. यापुढे काय बोललो ते मला आठवत नाही, कारण मला झोप लागली.

बाळ, मी बसल्याजागी झोपलो. भिंतीला डोकं टेकून. स्वप्न नाही, दचकणं नाही. आई आजारी पडली तेव्हापासून अशी झोप मला लागली नव्हती. जाग आली ती एका बाईच्या बोलण्याने. डोळे मिटलेलेच होते. खोलीत कुणीतरी हळू आवाजात काहीबाही सांगत होतं, पाण्याच्या भावाचं, कुठल्याशा पुलाचं. मला वाटलं, आता मी ‘हं’ म्हणायला हवं. म्हटलंही. मग डोळे उघडले.

बाई फोनवर भावाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. बिनदातांनीच. एकेक शब्द दोनदा, कधी तीनदा. माझ्याकडे बघून त्यांनी फोनवर हात ठेवला. ‘झोपा, झोपा. घोरता मात्र जोरात. भाऊ विचारत होता, ताई, कुठली गाडी लागली आहे?’

मी उठून तोंड धुवायला गेलो. तिथे नळाशी उभा होतो, त्याच नळाशी. अंग हलकं झालं होतं, भूक लागली होती. मला बरं वाटत होतं, आणि त्याचीच इतकी लाज वाटली की मी नळ चालूच ठेवला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आई जिवंत असताना मला एक दुपार तिच्यासमोर हात रिकामे ठेवून बसता आलं नाही. आणि आता तिच्या स्टुलावर परक्या बाईंना बसवून मी ढाराढूर झोपलो. ती असती तर हेच म्हणाली असती, की मला तेवढंच तर हवं होतं, तुम्ही समोर बसून घोरला असतात तरी चाललं असतं. तिला बोलायला माणूस हवा होता असं मी धरून चाललो होतो. म्हणून टाळायचो. मला बोलता येत नाही. नुसतं बसलं तरी चालतं, हे मला कुणी सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. ती रोज दोन कप घेऊन येऊन तेच सांगत होती.

बाहेर आलो तेव्हा साचा गार झाला होता. हाताला दगडासारखा लागला. उघडला. ठशावर कवळी ठेवली आणि कडेने नख फिरवलं. कुठेही शिरलं नाही. बाईंना आधी ते दाखवलं, मग घासून, धुऊन हातात दिली. त्यांनी तोंडात बसवली, जीभ फिरवली, आणि खिडकीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘सर्व प्रवाशांनी सावकाश उतरावे.’ शिट्टी वाजली नाही. खाली रस्त्यावरच्या एका माणसाने वर पाहिलं.

जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, ‘ते स्टूल आता आतच असू दे.’ आहे.

बाबा


१ मार्च

प्रिय बाळ,

येणार आहे.

शुक्रवारी दुपारच्या बसने निघतो, संध्याकाळी पोचेन. परतीचं तिकीट काढलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘कधी परत?’ मी म्हटलं, तिने जा म्हटलं की. ते म्हणाले, ‘आणि नाही म्हटलं तर?’ तिन्ही साचे धुऊन पालथे घातले आहेत, खोलीला कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे दिली आहे. स्टूल आत आहे.

घरी दोन रात्री झोपलो. कपाट उघडून बसलो होतो. काही आवरलं नाही. ते आपण मिळून आवरू. किंवा तू आवर, मी शेजारी बसेन.

तू म्हणशील, आईसाठी जे केलं नाहीत ते आता माझ्यासाठी कशाला? तिच्या वाट्याचा वेळ तुला देऊन माझी फेड होत नाही, एवढं मला कळतं. तू दार उघडून ‘या’ म्हटलं नाहीस तरी मी समजेन. जावईबापूंना मी सांगितलं आहे की त्यांनी तुझी समजूत घालायची नाही.

नातीला काय खेळायला द्यायचं मला येत नाही. ती खेळेल तिथे बसेन.

आणखी एक. कपड्यांखाली पिशवीत मेण कोरायची सुरी आहे. दोनदा काढून ठेवली, दोनदा परत घातली. शुक्रवारपर्यंत ती बाहेर निघेल याची मला खात्री नाही. आल्या आल्या दारातच ती माझ्याकडून मागून घे. मी म्हणेन, ‘अगं राहू दे, लागली तर असावी.’ ऐकू नकोस.

तुझे बाबा